कळी आणि पेनी : फळझाडांवरील पक्ष्यांचा उपद्रव व इंग्लंडमधील चार शतकांचे उपाय

१. प्रास्ताविक

घरामागच्या परसात लावलेल्या झाडाला बहर धरला की त्यावर पहिला हक्क कोणाचा, मालकाचा की पाखराचा, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे क्वचितच लक्ष दिले आहे. दुष्काळ, टोळधाड, साथीचे रोग यांचा इतिहास लिहिला जातो, कारण त्यांनी राज्ये हालविली. झाडावरची कळी खाणाऱ्या वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या पक्ष्याने राज्य हालविले नाही. तथापि त्याने कायदा घडविला, गावोगावच्या हिशेबवह्यांत स्वतःची नोंद करविली, आणि अखेर प्राणिशास्त्राच्या एका महत्त्वाच्या संशोधनाचा तो विषय झाला. प्रस्तुत लेखात बुलफिंच या पक्ष्याच्या निमित्ताने इंग्लंडमधील फळझाडांचे रक्षण आणि पक्ष्यांचा संहार यांचा सोळाव्या शतकापासूनचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे.

बुलफिंच हा फिंच कुळातील पक्षी. नराची छाती तांबूस गुलाबी, डोके काळे, चोच आखूड व जाड. त्याचे मुख्य अन्न बिया हेच होय. परंतु हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंताच्या तोंडाशी तो झाडांच्या कळ्यांकडे वळतो. नासपती, प्लम व सफरचंद यांच्या फुलकळ्या त्याला विशेष प्रिय असतात. एका मिनिटाला तीसपर्यंत कळ्या तो खुडू शकतो. तो कळीचा मधला गाभा खातो आणि वरची खवले खाली टाकतो. त्यामुळे झाडाखाली पडलेल्या बारीक कोंड्याखेरीज या नुकसानीची दुसरी खूण त्या वेळी दिसत नाही. खरे नुकसान दोन महिन्यांनी, शेजारचे झाड फुलते आणि आपले फुलत नाही, तेव्हा कळते. पिकलेल्या फळावर चोच मारणारा पक्षी डोळ्यांसमोर चोरी करतो. बुलफिंच मात्र फळ जन्माला येण्यापूर्वीच ते नाहीसे करतो. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

या अभ्यासामागचा मुख्य प्रश्न असा : समाज एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवितो तेव्हा तो नुकसान मोजतो की भीती मोजतो? आणि ज्या कागदपत्रांवरून आपण हा इतिहास लिहितो, ती कागदपत्रे या दोहोंपैकी कशाची साक्ष देतात?

२. जाळ्याचा कायदा

इंग्लंडच्या पार्लमेंटाने पक्ष्यांविरुद्ध केलेला पहिला व्यापक कायदा आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीतला, १५३२-३३ सालचा. त्याचा रोख कावळे, रूक आणि चफ या काककुळातील तीन पक्ष्यांवर होता. दहा किंवा अधिक घरांच्या प्रत्येक वस्तीने कावळे धरण्याचे जाळे बाळगावे आणि दहा वर्षांपर्यंत ते सुस्थितीत ठेवावे, असे बंधन त्याने घातले. पक्षी मारून आणणाऱ्याला बारा मोठ्या पक्ष्यांमागे दोन पेन्स द्यावयाचे होते, आणि ते ज्याच्या जमिनीवर पक्षी मारले गेले त्याने द्यावयाचे होते.

या कायद्यात फळझाडांचा संबंध नाही. त्याचा विषय धान्य आणि घरांच्या गवती छपरांची नासधूस हा होता. मात्र त्याच सुमारास, म्हणजे १५३३ साली, हेन्रीचा फळबागप्रमुख रिचर्ड हॅरिस याने केंट परगण्यातील टेनम येथे मोठी फळबाग उभारली आणि फ्रान्स व नेदरलंड्समधून सफरचंद, नासपती, चेरी यांची कलमे आणविली, असे परंपरेने सांगितले जाते. दोन घटना एका वर्षाच्या म्हणून त्यांत कार्यकारणभाव जोडणे चुकीचे होईल. परंतु पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत फळ हे जमीनदाराच्या व व्यापाऱ्याच्या दृष्टीने जपण्याजोगे उत्पन्न झाले, आणि पुढच्या कायद्यात त्याचे प्रतिबिंब पडले, एवढे म्हणावयास हरकत नाही.

३. १५६६ चा कायदा आणि पक्ष्यांची दरपत्रिका

पहिल्या एलिझाबेथच्या कारकीर्दीत १५६६ साली धान्यरक्षणाचा कायदा झाला. पहिल्या कायद्याहून तो दोन बाबतींत वेगळा होता.

पहिली बाब खर्चाच्या जबाबदारीची. १५३२-३३ च्या कायद्यात पक्षी ज्याच्या शेतावर मारला त्याने पैसे द्यावयाचे होते. नव्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमधील चर्चवॉर्डन आणि इतर सहा रहिवासी यांना जमीनधारकांवर पट्टी बसविण्याचा अधिकार दिला, आणि जमा झालेला पैसा वाटण्यासाठी दोन प्रतिष्ठित माणसे नेमावयास सांगितले. मारलेल्या प्राण्यांची डोकी आणि पक्ष्यांची अंडी त्यांच्यापुढे आणावयाची, त्यांनी ती मोजून पैसे द्यावयाचे, आणि मग सर्वांदेखत ती जाळून किंवा तोडून नष्ट करावयाची. हे शेवटचे कलम फसवणुकीच्या भीतीने घातले असावे. एकच डोके दोनदा किंवा दोन गावांत दाखविले जाऊ नये, हा त्याचा उघड हेतू दिसतो. अशा रीतीने पक्ष्यांचे नुकसान ही एका शेतकऱ्याची अडचण न राहता सबंध गावाची सामायिक जबाबदारी झाली.

दुसरी बाब दरांची. कायद्याने प्राण्यांची एक लांबलचक यादी दिली आणि प्रत्येकाची किंमत ठरविली. तीन मोठ्या कावळ्यांच्या डोक्यांना एक पेनी. स्टार्लिंग या साळुंकीच्या कुळातील पक्ष्याच्या बारा डोक्यांना एक पेनी. खंड्याला एक पेनी. हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याला दोन पेन्स. खोकड किंवा बॅजर यांना बारा पेन्स. आणि बुलफिंच, किंवा फळांचा मोहोर खाणारा दुसरा कोणताही पक्षी, याच्या प्रत्येक डोक्याला एक पेनी.

ही दरपत्रिका नीट वाचली पाहिजे. सोळाव्या शतकाच्या त्या दशकांत दक्षिण इंग्लंडमधील बांधकामावरच्या मजुराची दिवसाची कमाई सहा ते आठ पेन्सांच्या घरात होती. म्हणजे सात-आठ बुलफिंच मारणे ही एका दिवसाची मजुरी झाली. एक बुलफिंच तीन कावळ्यांच्या बरोबरीचा, बारा स्टार्लिंगांच्या बरोबरीचा. कावळा धान्याचा शत्रू म्हणून ख्यात. कायद्याचे नावही धान्यरक्षणाचे. तरीही मोहोर खाणारा पक्षी धान्य खाणाऱ्याहून तिपटीने महाग ठरला.

याची तीन कारणे संभवतात. एक, बुलफिंच एकेकटा किंवा लहान जोड्यांनी फिरतो. कावळ्यांप्रमाणे थव्याने जाळ्यात सापडत नाही, म्हणून श्रमाचा मोबदला अधिक. दोन, कायदा करणारे सभासद हे स्वतः फळबागांचे मालक असलेल्या वर्गातले होते. तीन, आणि आमच्या मते हे कारण महत्त्वाचे, वर सांगितल्याप्रमाणे बुलफिंचचे नुकसान त्या वेळी दिसत नाही आणि मागाहून संपूर्ण दिसते. जे नुकसान मोजता येत नाही, त्याचा अंदाज माणूस नेहमी मोठा करतो.

यादीतील इतर नावे या शेवटच्या तर्काला पुष्टी देतात. खंड्या धान्य खात नाही, फळही खात नाही. तो तळ्यातील मासे खातो. हेजहॉग तर मुख्यतः किडे-गांडुळांवर जगतो. परंतु तो रात्री बसलेल्या गाईचे दूध पितो असा लोकसमज होता. अशा रीतीने प्रत्यक्ष नुकसान, संभाव्य नुकसान आणि निव्वळ समज ही तिन्ही एकाच यादीत, एकाच नाण्याने मोजली गेली.

४. हिशेबवह्यांची साक्ष

या कायद्याची मुदत एलिझाबेथच्याच कारकीर्दीत वाढविण्यात आली, आणि कायद्याचा धाक उरला नाही तेव्हाही अनेक पॅरिशांनी ही प्रथा चालू ठेवली. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातही चर्चवॉर्डनांच्या वह्यांत अशा रकमा सापडतात. चर्चच्या घंटेची दोरी, वेदीवरचे कापड, गरिबांना दिलेली मदत आणि पक्ष्यांची डोकी हे सर्व खर्च एकाखाली एक लिहिलेले असतात. रॉजर लव्हग्रोव्ह या अभ्यासकाने इंग्लंड व वेल्समधील शेकडो पॅरिशांच्या अशा नोंदी धुंडाळून २००७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयाच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही.

परंतु या साधनाच्या मर्यादा विद्यार्थ्यांनी ध्यानी घेतल्या पाहिजेत. वहीत लिहिलेली संख्या ही मेलेल्या पक्ष्यांची संख्या नव्हे. पैसे दिलेल्या पक्ष्यांची संख्या होय. ज्या बागवानाने आपल्या परसात आपल्या धनुष्याने पक्षी मारला आणि पेनीसाठी चर्चपर्यंत चालत जाण्याची तसदी घेतली नाही, त्याची नोंद नाही. शेजारच्या दोन पॅरिशांपैकी एकात शेकडो डोक्यांची नोंद आणि दुसऱ्यात एकही नाही, असे आढळते. यावरून एका गावात पक्षी होते आणि दुसऱ्यात नव्हते असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. एका गावचा चर्चवॉर्डन उत्साही होता, त्याची स्वतःची बाग होती, किंवा गावात हिवाळ्यात काम नसलेली मुले अधिक होती, असेही असू शकेल. बक्षिसाचा दर वाढला की नोंदी वाढतात, दर कमी झाला किंवा पट्टीचा पैसा संपला की त्या थांबतात. हिशेबवही प्रथम पैशाचा इतिहास सांगते, आणि त्याच्या आडून पक्ष्यांचा.

त्याहून मोठी मर्यादा अशी की या वह्यांत फळाचा उल्लेखच नाही. इतके बुलफिंच मारल्यावर नासपतीचे पीक किती वाढले, हे कोणी लिहून ठेवले नाही. उपाय मोजला गेला, परिणाम मोजला गेला नाही. शासनाच्या इतिहासात ही गोष्ट अपवादात्मक नाही; शासन आपला खर्च नोंदते, आणि त्या खर्चाचे फळ मिळाले असे गृहीत धरते.

५. बागवानाचे निरीक्षण : विल्यम लॉसन

कायद्याच्या भाषेतून बाहेर पडून प्रत्यक्ष झाड लावणाऱ्याचे म्हणणे ऐकावयाचे असल्यास यॉर्कशायरमधील धर्मोपदेशक विल्यम लॉसन याच्या फळबागेवरील ग्रंथाकडे वळले पाहिजे. हा ग्रंथ १६१८ साली प्रसिद्ध झाला आणि सतराव्या शतकात त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. लॉसनने अनेक वर्षे स्वतः झाडे लावली, छाटली, राखली होती. घराजवळची बाग हा त्याचा विषय.

पक्ष्यांबद्दल तो दोन ठिकाणी दोन सुरांत लिहितो. एका ठिकाणी बुलफिंच कळीतच फळ खाऊन टाकतो आणि हिवाळ्यात त्याने आपली सबंध झाडे सोलून काढली, असे तो स्वानुभवाने सांगतो. पिकलेल्या चेरीवर ब्लॅकबर्ड व थ्रश येतात, हेही त्याने नोंदले आहे. उपाय म्हणून खडे मारण्याचे धनुष्य, बंदूक आणि हिवाळ्यात पाळीव शिकारी पक्षी तो सुचवितो. परंतु दुसऱ्या ठिकाणी, बागेच्या सौंदर्याचे वर्णन करताना, नाइटिंगेल, रॉबिन आणि रेन या पक्ष्यांचे तो मनापासून कौतुक करतो. ते रात्रंदिवस सोबत करतात, आणि झाडांवरचे सुरवंट व कीड टिपून बाग स्वच्छ ठेवतात, असे त्याचे म्हणणे.

कायद्याच्या यादीत पक्षी म्हणजे केवळ हानी. हितकारक पक्ष्याला तेथे स्तंभच नव्हता. लॉसनच्या बागेत मात्र जमा आणि खर्च दोन्ही बाजू आहेत. दोन अडीचशे वर्षांनंतर ज्याला आर्थिक पक्षिशास्त्र म्हणू लागले, त्याचे बीज एका परसबागेच्या मालकाच्या निरीक्षणात असे सापडते. त्याने बुलफिंचला माफी दिली नाही, ही गोष्टही तितकीच लक्षणीय. प्रत्येक पक्ष्याचा वेगळा विचार झाला पाहिजे, हा धडा त्यातून निघतो.

येथे एका विरोधाभासाची नोंद केली पाहिजे. जो पक्षी इंग्लंडच्या बागांत पेनीला मारला जात होता, तोच जर्मनीतील हेसन प्रांतात, विशेषतः फोगल्सबर्गच्या डोंगराळ भागात, पिल्लू असताना घरट्यातून काढून, त्याला शीळ घालून गाण्याच्या चाली शिकवून विकला जाई. असे शिकविलेले पक्षी लंडनच्या बाजारातही भारी किमतीला जात. पक्षी उपद्रवी की मौल्यवान, हे तो कोणत्या बाजारात उभा आहे यावर ठरत होते.

६. एकोणिसावे शतक : मुले, क्लब आणि प्रयोगशाळा

अठराव्या शतकात वह्यांतील नोंदींचा भर बदलतो. चिमण्यांची डोकी मोठ्या प्रमाणावर दिसू लागतात. पुढे गावोगाव चिमण्या मारण्याचे क्लब निघाले. सभासदाने ठराविक डोकी आणावी, न आणल्यास दंड भरावा आणि वर्षअखेर मेजवानी व्हावी, अशी त्यांची सर्वसाधारण रीत. कायद्याची जागा गावच्या मौजेने घेतली.

परंतु बहुसंख्य शेतांचे आणि बागांचे रक्षण मारून होत नव्हते. हुसकावून होत होते, आणि ते काम लहान मुलांचे होते. हातातली लाकडी टाळी वाजवीत, ओरडत, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मुलाने शेतात एकट्याने फिरावयाचे. पुढे शेतमजुरांचा पुढारी झालेला जोसेफ आर्च, जन्म १८२६, याने नवव्या वर्षी पक्षी हाकण्याच्या कामावर आपले आयुष्य सुरू केले. बारा तासांच्या दिवसाला त्याला चार पेन्स मिळत. १८७२ साली शेतमजुरांचा राष्ट्रीय संघ स्थापणाऱ्या आणि १८८५ साली पार्लमेंटात निवडून गेलेल्या या माणसाची पहिली नोकरी बुजगावण्याची होती. १८८० मध्ये प्राथमिक शाळेतील हजेरी सक्तीची झाली आणि हे स्वस्त राखणदार हळूहळू मिळेनासे झाले. पक्ष्यांच्या उपद्रवाची किंमत आजवर कोणी दिली होती, हे तेव्हा स्पष्ट झाले. पेनी पॅरिशने दिली, पण राखण मुलांच्या बालपणाच्या मोबदल्यात झाली होती.

याच काळात पक्ष्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. समुद्रपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा १८६९ मध्ये, वन्य पक्ष्यांचा १८७२ मध्ये आणि त्याची व्यापक सुधारणा १८८० मध्ये झाली. अमेरिकेत १८८५ साली सी. हार्ट मेरियम याच्या हाताखाली शेतीखात्यात आर्थिक पक्षिशास्त्राचे कार्य सुरू झाले. या संस्थेची पद्धत साधी होती : पक्षी मारावा, त्याचे पोट उघडावे, आतील अन्न ओळखून त्याचे प्रमाण काढावे. फॉस्टर बील याने हजारो पोटे तपासली आणि १८९७ साली सामान्य शेतकऱ्यासाठी एक पुस्तिका लिहिली. चेरी खाणारे अनेक पक्षी वर्षाचा बहुतेक काळ किडे किंवा रानफळे खातात, असे त्याच्या तपासणीत दिसले. त्यावरून निघालेला सल्ला व्यवहारी होता : परसात चेरीच्या जवळ त्याच सुमारास पिकणारे तुतीचे झाड लावावे, म्हणजे पाखरे तिकडे वळतील. भारतात पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत सी. डब्ल्यू. मेसन याने हीच पद्धत वापरली. त्याचा भारतीय पक्ष्यांच्या अन्नावरील प्रबंध मॅक्सवेल-लेफ्रॉय याच्या संपादनाखाली १९१२ साली प्रसिद्ध झाला.

पोटाची तपासणी ही वहीतील डोक्यांच्या मोजणीहून निःसंशय श्रेष्ठ. तरीही तिच्यातला मूळ दोष तोच राहिला. पक्ष्याने काय खाल्ले ते पोट सांगते. त्यामुळे माणसाचे काय गेले, हे पोट सांगत नाही. पोटात दहा कळ्या सापडल्या म्हणजे दहा फळे बुडाली, असे गृहीत धरावे लागते. हे गृहीत बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी पक्ष्याकडून झाडाकडे जाणे आवश्यक होते.

७. ॲशच्या बिया : न्यूटनचे संशोधन

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या दक्षिणेकडील फळबागांत बुलफिंचचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. १९५४ साली पक्षिसंरक्षणाचा नवा कायदा झाला होता; परंतु बागवानांच्या तक्रारींमुळे फळबागांच्या काही भागांत बुलफिंचला त्याच्या संरक्षणातून वगळावे लागले. पिंजऱ्यात धरून त्याला मारण्याची मुभा मिळाली. पेनी नव्हती, पण सोळाव्या शतकाचा उपाय परत आला.

या पार्श्वभूमीवर ऑक्सफर्ड येथे इयन न्यूटन या तरुण संशोधकाने १९६० च्या दशकात बुलफिंचच्या अन्नाचा सूक्ष्म अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९६४ पासून शोधनिबंधांतून आणि १९७२ साली फिंच पक्ष्यांवरील ग्रंथातून प्रसिद्ध झाले. त्यांतील तीन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिली : बुलफिंच दरवर्षी सारख्या प्रमाणात कळ्या खात नाही. हिवाळ्यात त्याचे आवडते अन्न म्हणजे जंगलातील व कुंपणांतील ॲश वृक्षाच्या बिया. ॲशला दरवर्षी सारखे बी धरत नाही. एका वर्षी भरपूर, पुढच्या वर्षी अत्यल्प, असे बहुधा होते. ज्या हिवाळ्यात ॲशचे बी विपुल असते त्या वर्षी बागा जवळजवळ सुरक्षित राहतात. ज्या वर्षी ते नसते त्या वर्षी पक्षी लवकर कळ्यांवर येतात आणि झाडे सोलून काढतात.

दुसरी : पक्षी मारण्याची वेळ निर्णायक आहे. बाग उजाड होऊ लागल्यावर, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस, पक्षी धरून फारसा लाभ होत नाही. उलट शरदाच्या प्रारंभी काही पक्षी कमी केले, तर उरलेल्यांना रानातील बी अधिक दिवस पुरते आणि ते कळ्यांकडे उशिरा वळतात. नुकसान दिसल्यावर चिडून केलेला संहार हा चुकीच्या वेळी केलेला संहार ठरतो.

तिसरी : कळी गेली म्हणजे फळ गेले असे नाही. नासपतीचे झाड जितक्या फळांना पोसू शकते त्याहून कितीतरी अधिक कळ्या धरते. सुमारे निम्म्या कळ्या गेल्या तरी पिकात घट येत नाही, असे आढळले. त्यापलीकडे मात्र नुकसान खरे असते आणि भारी असते.

या तीन निष्कर्षांच्या प्रकाशात १५६६ ची दरपत्रिका पुन्हा वाचावी. सोळाव्या शतकातील झाडांच्या जाती वेगळ्या होत्या, बागांची रचना वेगळी होती; म्हणून निम्म्या कळ्यांचा आकडा जसाच्या तसा मागे नेता येणार नाही. परंतु तत्त्व मागे नेता येते. लॉसनने सबंध झाडे सोललेली पाहिली ती खरीच. ती कदाचित ॲशला बी नसलेल्या हिवाळ्यातली असतील. कायद्याने मात्र भरपुराचे आणि तुटीचे वर्ष असा भेद केला नाही, ऋतूचा भेद केला नाही, कुंपणाजवळच्या झाडात आणि मोकळ्या जागेतल्या झाडात भेद केला नाही. प्रत्येक डोक्याला, प्रत्येक वर्षी, एकच पेनी. ज्या प्रश्नाचे उत्तर बागेच्या कुंपणापलीकडे, एका बिनफळाच्या झाडावर होते, तो प्रश्न चार शतके कुंपणाच्या आत शोधला गेला.

येथे पूर्वजांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. ज्याच्या घरची वर्षाची नासपती एका पंधरवड्यात गेली, त्याला सरासरी सांगून समाधान होत नाही. न्यूटननेही बुलफिंच निर्दोष ठरविला नाही. त्याने दोषाची अट सांगितली.

८. पुढील घडामोडी

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून धान्याच्या बियाण्याला आल्ड्रिन व डील्ड्रिन ही कीटकनाशके लावण्याची प्रथा पडली, आणि तिच्यामुळे स्पॅरोहॉक हा आपल्या शिक्ऱ्याचा आप्त पूर्व व दक्षिण इंग्लंडमधून जवळजवळ नाहीसा झाला. बुलफिंच एरवी झुडपांचा आडोसा सोडून फार दूर जात नाही. शत्रू नाहीसा झाल्याने तो मोकळ्या बागांत धीटपणे शिरू लागला, असे एक मत मांडले गेले आहे. त्यावर पूर्ण मतैक्य नाही. पण ते खरे असेल तर बागवानाने एक कीड मारण्याच्या साखळीत आपला एक राखणदारच मारला, असे म्हणावे लागेल. लॉसनने हिवाळ्यात पाळीव शिकारी पक्षी सुचविला होता, हे येथे आठवते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बुलफिंचची संख्याच झपाट्याने घटली. कुंपणे तोडली गेली, शेतीची पद्धत बदलली, तणांचे बी कमी झाले, अशी कारणे दिली जातात. आज तो ब्रिटनमध्ये चिंताजनक पक्ष्यांच्या दुसऱ्या, पिवळसर यादीत आहे. जो पक्षी पेनीच्या यादीत होता तो काळजीच्या यादीत आला. दरम्यान ॲश वृक्षावर बुरशीजन्य रोग पसरला असून तो ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रथम आढळला. बियांचा पुरवठाच आटला तर पक्षी काय खातील, हा प्रश्न पुढच्या अभ्यासकांचा आहे.

९. उपसंहार

या इतिहासात उपायांचे तीन प्रकार दिसतात : राखण, बक्षीस आणि अभ्यास. राखणीत माणूस आपले श्रम खर्च करून पक्ष्याला दूर ठेवतो. आपल्या वाङ्मयात याच प्रकाराचा ठसा सर्वांत जुना आहे; हालाच्या गाथासप्तशतीत शेत राखणाऱ्या स्त्रिया आहेत, रघुवंशाच्या चौथ्या सर्गात उसाच्या सावलीत बसून साळीचे शेत राखणाऱ्या स्त्रिया गातात. माळा, गोफण आणि परसातल्या डाळिंबाला बांधलेले फडके हे सर्व राखणीचेच प्रकार होत. बक्षिसात समाज पैसा देऊन पक्ष्याला नाहीसा करू पाहतो. त्याचा हिशेब सोपा, म्हणून तो शासनाला आवडतो. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही उपद्रवी प्राण्यांचे वेगळे परिशिष्ट होते आणि त्यात कावळा होता; २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट रद्द झाले. अभ्यास हा तिसरा प्रकार सर्वांत उशिरा आला, आणि त्याने पहिल्या दोहोंना अनावश्यक ठरविले नाही. कोणता उपाय कोणत्या वर्षी व कोणत्या झाडाला करावा, एवढे मात्र सांगितले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. १५६६ चा कायदा नुकसान मोजत नव्हता. तो श्रम मोजत होता, वर्गाचे हितसंबंध मोजत होता, आणि न दिसणाऱ्या नुकसानीची भीती मोजत होता. पॅरिशच्या वह्या या तिन्हींची विश्वसनीय साक्ष देतात; पक्ष्यांच्या संख्येची साक्ष त्या अप्रत्यक्षपणे देतात, आणि फळांच्या पिकाची तर मुळीच देत नाहीत. जी वही जे सांगते तेवढेच तिच्याकडून ऐकणे, आणि उरलेल्यासाठी वहीबाहेर, प्रसंगी झाडाखाली पडलेल्या कोंड्यापर्यंत जाणे, हे या विषयाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे. आपल्याकडील गावांच्या दप्तरांत राखणदारांची बलुती, बागाईत पट्ट्या आणि पाखरांमुळे मिळालेली सूट अशा नोंदी कोठे आढळतात, हे त्याच दृष्टीने तपासण्याजोगे आहे.